मेलेला दोर

ह्यांच्या दोन्ही मांड्यांवर मला सकाळी काळेनिळे वळ दिसले. आंघोळ करून, टॉवेल गुंडाळून कपाटात शर्ट शोधत होते. अडीच बोटं रुंद वळ, दोन्हीकडे अगदी एकाच उंचीवर.

“हे काय?”

“काल फांदी लागली.”

“दोन्ही मांड्यांना? मोजूनमापून?”

“सकाळी सकाळी चौकशी समिती बसवू नकोस.”

मी आवाज चढवत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढ्यात चढवावा लागला नव्हता. आमच्या घरात झाडांवर चढून फांद्या उतरवणारे दोघे, हे आणि ह्यांची धाकटी बहीण. सामान सांभाळते मी. हार्नेस, कड्या, हेल्मेट, दोर. रोज संध्याकाळी दोघांचे दोर माझ्या हातांतून जातात. एक हात दोर, देवाचं एक नाव. शंभर हातांचा दोर, शंभर नावं. डोळे मिटून घेते, कारण दोराचं दुखणं बोटांना आधी कळतं. कुठे मऊ पडलाय, कुठे चपटा झालाय, कुठे घासून कडक झालाय. त्यात कधी खंड नव्हता. काल पडला. “माझा दोर गाडीतच राहिला, उद्या बघ,” म्हणाले, आणि मी मुकाट्याने एकच दोर ओढून उठले. शंभर नावं कमी पडली आणि मी ती पडू दिली.

हार्नेसचे पट्टे दोन्ही मांड्यांत असे रुततात ते एकाच कारणाने. माणूस पडतो आणि दोर त्याला झेलतो.

ह्या कामात त्याला एक नियम आहे. ज्याने माणूस झेलला तो दोर मेला. वरून कितीही नवाकोरा दिसो, आत काय तुटलंय ते बोटांनाही सांगता येत नाही. म्हणून त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, जो पडला त्यानेच त्याचे हात-हातभर तुकडे करायचे. म्हणजे चुकूनसुद्धा कुणी त्यावर परत चढणार नाही.

“किती पडलात?”

“पडलो कसला! जरा घसरलो.”

“किती?”

“सहा-सात फूट. जिथे दोर बांधला होता त्याच्या वर गेलो, एक वाळकी फांदी होती. दोर ढिला राहिला. खाली कुणी नव्हतं, कुणी पाहिलं नाही. इतकंच.”

इतकंच! नवीन आलेल्या माणसाला हे स्वतः पहिल्या दिवशी दम देऊन सांगतात, की बांधल्या जागेच्या वर जायचं नाही, दोरात ढील ठेवायची नाही.

“केशरी दोर कुठे आहे?”

शर्टाची बटणं लावता लावता ह्यांचा हात थांबला. मी सामानाच्या खोलीत धावले. ह्यांच्या केशरी दोराची खुंटी रिकामी होती. खारूचा हिरवा दोर मात्र जागच्या जागी लटकत होता. खारू म्हणजे माझी नणंद. खारीसारखी सरसर वर जाते म्हणून घरीदारी तेच नाव पडलंय. ती तासाभरापूर्वीच गाडी घेऊन कामावर गेली होती.

हे मागोमाग दारात आले. “तिचा दोर चिकाने माखला होता, तू काल धुतलास. अजून ओला आहे. मग मी म्हटलं, माझा ने.”

“तुम्ही म्हटलंत?”

“दोर चांगला आहे गं. मी पाहिलाय नीट.”

“सख्खी बहीण आहे ती तुमची!”

“आणि सांगितलं असतं तर? एकोणपन्नासाव्या वर्षी दादा पिकल्या फळासारखा गळला, म्हणून सगळ्यांनी दात काढले असते. उद्यापासून मला खाली उभं केलं असतं.”

म्हणजे हे होतं. ह्यांचं नाक वर राहावं म्हणून ती मेल्या दोरावर चाळीस फूट वर.

मी खारूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चढताना ती फोन गाडीतच ठेवते. मग जमीनदाराला लावला. तो आमचा खालचा माणूस, वीस वर्षांत एकदाही झाडावर चढला नाही म्हणून जमीनदार. त्याने उचलला, पण मागे यंत्राच्या करवतीचा कर्कश आवाज.

“वहिनी, ताई वर आहेत! काही ऐकू येत नाही! मागाहून करा!”

हिरवा दोर खांद्यावर टाकून मी स्कूटरवर बसले. रोज ह्यांच्या कमरेला धरून बसते. त्या दिवशी सीटमागची कडी धरली. वाटेत दोनदा म्हणाले, “काही होणार नाही गं.” देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बाहेर पडलं असतं.

दोन इमारतींच्या मधल्या आवारात ते झाड होतं. खारू वर, मागे रेलून, सगळं वजन केशरी दोरावर टाकून फांदी कापत होती. हे हाक मारायला निघाले. मी ह्यांचा दंड धरला. चालू करवत हातात असलेल्या माणसाला दचकवायचं नसतं. तेव्हा करवत बंद होईपर्यंत आम्ही खाली नुसते उभे. माझी नखं ह्यांच्या दंडात रुतली होती. मी ती सैल केली नाहीत.

फांदी खाली आली. करवत थांबली. आणि मी ओरडले.

“खारू! खोडाला आखूड पट्टा मार! आत्ताच्या आत्ता! हा दोर मेलाय!”

दोन्ही इमारतींच्या खिडक्यांत डोकी आली. खारूने एक शब्द विचारला नाही. पट्टा खोडाभोवती फिरवला, कडी लावली. तो खटका मला खालून ऐकू आला, तेव्हा मी ह्यांचा दंड सोडला.

मग वरून आवाज आला. “कधी मेला?”

“काल!”

“कुणी मारला?”

जमीनदाराने माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. हे बुटांकडे पाहत होते.

“कळलं,” खारू म्हणाली.

तिने पातळ दोरी खाली सोडली. मी दोरीच्या टोकाला हिरवा दोर बांधून दिला. ओला होता, पण जिवंत होता. त्यावरून ती उतरली, हेल्मेट काढलं, केशरी दोर खाली ओढून घेतला आणि ह्यांच्या पायाशी टाकला.

“वजनं उतरवायला तरी ठेवू या,” हे पुटपुटले.

मी गाडीतून सुरी आणून ह्यांच्या हातात दिली.

पहिला तुकडा कापला. आतला गाभा पांढराशुभ्र, एक धागा तुटलेला नाही. ह्यांचा चेहरा उजळला. तुकडा उंच धरला. “बघा! सांगत होतो ना? काही झालं नव्हतं!”

तेव्हा मला जो राग आला, तसा सकाळी वळ पाहूनही आला नव्हता. पण खारूच आधी बोलली.

“हे आत्ता कापल्यावर दिसलं, दादा. सकाळी मला दिलास, तेव्हा काय दिसलं होतं तुला?”

ह्यांनी हातातला तुकडा पोत्यात टाकला. खाली मान घालून कापू लागले. एरवी घटकाभर जीभ स्वस्थ नसलेला जमीनदारसुद्धा नुसतं पोतं उघडून धरत होता. बारा तुकडे झाल्यावर ह्यांनी सुरी ठेवली आणि हात झटकले. “झालं की आता. कोण चढणार आहे ह्यावर?”

“अजून अठ्ठ्याऐंशी,” मी म्हटलं. माझा आवाज पुन्हा नेहमीसारखा हळू झाला होता. “आणि मोठ्याने मोजा.”