पूजेतले सात पासपोर्ट

परदेशी माणसाच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये चौदा रकाने होते. सात माणसांचे सात फॉर्म मी माझ्या अक्षरात भरले. त्या दिवशी काय झालं ते त्यांतल्या एकाही रकान्यात मावलं नाही. म्हणून तेच रकाने पुन्हा घेते. क्रम माझा. नको ते खोडते.

रकाना १. पूर्ण नाव

दाक्षायणी. घरी दाक्षा. बी.ए.चं शेवटचं वर्ष. साल चौऱ्याहत्तर.

रकाना ६. येण्याचा हेतू

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावात शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्यासाठी आंतरराष्ट्रीय युवक शिबिर. परदेशातले सात, आमच्या कॉलेजातले अठरा, आणि गावचे गवंडी ईरप्पा.

फॉर्मवर मी सातही जणांच्या पुढे ‘समाजसेवा’ लिहिलं. खरं काम म्हणजे दगड उचलणे, घमेली ओढणे आणि ईरप्पांच्या शिव्या खाणे. शिव्यांचं इंग्रजी करायला मी होते. ईरप्पा कन्नडमध्ये सुरू व्हायचे, मराठीत संपवायचे, आणि मधलं सगळं मला गाळावं लागायचं.

“त्या उंच पोराला सांग, वीट ठेवताना देवाला फूल वाहतोय का काय? दाब की जरा!”

मी त्या जपानी मुलाला सांगितलं, “थोडं जोरात, असं म्हणताहेत.”

“एवढंच म्हणाले? खूप वेळ बोलत होते.”

“आमची भाषा लांब आहे,” मी म्हणाले.

डेन्मार्कची किर्स्तेन माझ्या जोडीला होती. घमेल्याची एक बाजू तिची, एक माझी. चार दिवसांत ती उन्हानं टोमॅटोसारखी झाली. पहिल्या दिवशी कडक भाकरी हातात आल्यावर तिनं ती ताटली समजून तिच्यावर भाजी घेतली, खाल्ली, आणि रिकामी ताटली धुवायला निघाली.

भिंती खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आल्या होत्या.

रकाना ९. सध्याचा पत्ता

शुक्रवार पेठ. हा माझा. त्यांचा पत्ता शिबिर.

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, मला शिबिराला सोडलं ते एका अटीवर. खंडेनवमीला घरी पाहिजे. “दसऱ्याला पोरगी दगड वाहतीया असं पेठेत कुणी म्हणायला नको.”

शिबिरप्रमुख हिंदुराव सरांनी त्या अटीचा फायदा घेतला. परदेशी माणसांची सात दिवसांच्या आत पोलिसांच्या परदेशी नोंदणी कार्यालयात नोंद व्हावी लागे. सातवा दिवस खंडेनवमीचाच. दसऱ्याला कार्यालय बंद. सर दोनदा जाऊन आले होते. एकदा फोटो कमी पडले, एकदा फॉर्म जुने निघाले.

“तू आदल्या दिवशी घरी जातेसच,” सर म्हणाले. “पासपोर्ट घेऊन जा. सकाळी शांतपणे फॉर्म भर. तुझ्या घरापासून ऑफिस दहा मिनिटांवर. हे सातही जण तीन वाजेपर्यंत एस.टी.नं तिथे सह्या करायला येतील. दाक्षायणी, शिक्का पडला नाही तर शिबिराची परवानगीच रद्द. यांना परत जावं लागेल आणि भिंत खिडकीपाशी राहील. कळलं?”

कळलं. मी सातही पासपोर्ट रुमालात बांधून माझ्या शबनम पिशवीत घातले. एस.टी.त पिशवी मांडीवर. घरी पिशवी खुंटीला. पिशवीकडे बघत झोपले.

रकाना १०. पासपोर्ट क्रमांक

सकाळी न्हाऊन आले. पिशवीत एक कंगवा, एक पेन्सिल, आणि कोरे फॉर्म.

रकाना १०. पासपोर्ट क्रमांक (पुन्हा)

नाहीत. रुमालही नाही.

अव्वा घरात नव्हती. झेंडू आणायला गेली असणार. अप्पा पहाटेच नव्या पेठेतल्या कापडाच्या दुकानात गेले होते, तिथल्या गज-कात्रीची पूजा करायला. मी पिशवी उलटी केली. पुन्हा सुलटी केली. रात्री ती खुंटीवर होती, हे मी पाहिलं होतं. पण आत हात घालून पाहिलं होतं का? शेवटचं कधी? एस.टी.त? उतरताना?

ओल्या केसांनी एस.टी. स्टँडवर पळाले. चौकशीच्या खिडकीत एकजण झेंडूचा हार ओवत बसला होता.

“काल संध्याकाळची अक्कलकोट गाडी. पासपोर्ट राहिलेत आत. सात.”

“पासपोर्ट फोटो?”

“फोटो नाही. पासपोर्ट.”

“सात कशाला लागतात ओ बाई तुम्हाला?” त्यानं हार खाली ठेवला. माझं तोंड पाहिलं असावं, कारण मग तो उठून डेपोत गेला. पंधरा मिनिटांनी परत आला. “गाडी धुतली. एक चप्पल निघाली. डावी.”

कालच्या वाटेनं, दुकानादुकानांत विचारत घराकडे येताना मी हिंदुराव सरांना सांगायचं वाक्य तयार करत होते. मराठीत जमलं नाही म्हणून इंग्रजीत केलं. तेही जमलं नाही. मग किर्स्तेनला सांगायचं वाक्य. ते सुरूच झालं नाही.

साडेबारा वाजले होते. घरात शिरले ती सरळ देवघरापुढे जाऊन डोळे मिटून उभी राहिले. नवस बोलायचा होता. काय बोलावा हे ठरेना, म्हणून डोळे उघडले.

पाटावर पाटी. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती. तिच्यापुढे विळी, सुई, अडकित्ता, माझे इतिहासाचे दोन खंड, धाकट्या बसवराजाची बीजगणिताची वही. आणि इतिहास आणि बीजगणित यांच्या मध्ये व्यवस्थित रचलेली सात पुस्तकं. निळी, तांबडी, हिरवी. सोनेरी सिंह, सोनेरी मुकुट, सोनेरी फूल. प्रत्येकावर विभूतीची तीन बोटं, मध्ये कुंकू, वर झेंडू.

मी खाली बसले. हात पुढे केला.

~~रकाना ११. मुक्कामाचा अवधी~~

रकाना ४. आईचे नाव

सावित्रम्मा. मागून आवाज आला, “हात लावू नको!”

“अव्वा, हे माझ्या पिशवीतलं तू काढलंस?”

“मग? घरातली समदी पुस्तकं पूजेला ठेवायची असतात. तुला पहाटं हाक मारली, उठली न्हाईस. पिशवीत बघितलं तर कसली झ्याक पुस्तकं! सोन्याच्या अक्षरांची. रुमालात बांधून ठेवलीस म्हटल्यावर परीक्षेची असणार की.”

“पासपोर्ट आहेत ते! शिबिरातल्या लोकांचे. मला आत्ता पाहिजेत.”

“आत्ता कसं? उद्या पूजा हलवल्यावर घे.”

“उद्या ऑफिस बंद. आज तीनच्या आत शिक्का मारायचाय.”

“मांडलेली पूजा मधीच मोडत न्हाईत, दाक्षा. त्या वर्षी बसवराजानं पूजेतली कंपासपेटी वडून काढली. काय झालं? गणितात गेला.”

“तो गणितात दर वर्षीच जातो.”

“त्या वर्षी लई वाईट गेला.”

मी रडकुंडीला आले होते, आणि हसूही येत होतं. पासपोर्ट दोन हातांवर होते. सकाळपासून मी गावभर जे शोधत होते ते समोर होतं, झेंडू घालून. आणि मध्ये ही बाई पदर खोचून उभी.

मी शिबिर बुडेल म्हणाले. अव्वा म्हणाली, बुडू दे, खोल्या दिवाळीनंतर बांधा. मी सर रागावतील म्हणाले. अव्वा म्हणाली, सरांना माझ्याकडं पाठव. मग मी वाकून, हात न लावता, सगळ्यात वरच्या पुस्तकाकडे बोट केलं.

“हे किर्स्तेनचं. माझ्याबरोबर घमेलं धरते ती.”

“ती भाकरी धुणारी?”

“तीच.”

“आत काय असतं?”

“तिचा फोटो. नाव. गाव. हे दाखवलं की तिला तिच्या देशात घेतात.”

अव्वा पुस्तकाकडे वाकली. मग म्हणाली, “आन् नसलं तर?”

“तर नाही घेत. बोटीवरही चढू देत नाहीत.”

“म्हंजे हे नसलं तर पोरीला घरीच जाता येत न्हाय?”

“नाही.”

“समद्या सातजणांना?”

“सातांना.”

अव्वानं कपाळावर हात मारून घेतला. “आगं मग हे आधी सांगायचं की! कधीची परीक्षा-परीक्षा करतीस.” परीक्षा हा शब्द माझ्या तोंडून एकदाही गेला नव्हता. “कुणाच्या घराची वाट अडवून कसली पूजा? सर बाजूला.”

तिनं दुधाची वाटी आणली, त्यात साखर घातली, नैवेद्य दाखवला. मग सात पुस्तकांवर सात वेळा अक्षता टाकल्या. दर वेळी पुस्तक जरासं हलवून कन्नडमध्ये म्हणाली, “होगि बा.” जाऊन ये. कुणी घराबाहेर पडताना ती म्हणते तसंच. माझे इतिहासाचे खंड आणि बीजगणिताची वही तिनं तशीच बसवून ठेवली.

मी विभूती पुसायला पदर पुढे केला तर हातावर फटका बसला.

“पुसायची न्हाय. आन् पिशवी माझ्याकडं दे. पूजेतनं मी उठवलंय, जागेवर मीच पोचवणार.”

रकाना १२. सोबत आलेल्या व्यक्ती

एक. नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत शबनम पिशवी. या आधी पोलिसांच्या कुठल्याही इमारतीत पाऊल न टाकलेली.

देवघरापुढे बसून सातही फॉर्म भरले, आणि पावणेतीनला आम्ही पोचलो. व्हरांड्यात सातही जण ओळीनं बसले होते. हिंदुराव सर येरझारा घालत होते. मी सरांना म्हणाले, “आहेत.” ते म्हणाले, “असणारच.”

किर्स्तेन उठून उभी राहिली. अव्वानं तिला खालपासून वर पाहिलं, मग पासपोर्ट उघडून फोटो पाहिला.

“फोटोत बरी हाय की. हितं आणून पार करपवलीत पोरीला.”

“काय म्हणाल्या?” किर्स्तेननं विचारलं.

“तुझा फोटो आवडला म्हणाल्या.”

नोंदणीच्या टेबलावर लालसाब नावाचे कारकून होते. पन्नाशीचे, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांनी सात फॉर्म तपासले, सह्या घेतल्या. मी भराभर लिहिलेलं एक स्पेलिंग सुधारलं. फॉर्म एकावर एक लावले, दोन्ही हातांनी ठोकून सारखे केले. मग चष्मा काढला.

“सगळं बरोबर हाय, बेटी. आता परवा या.”

“परवा?”

“शिक्का पूजेत हाय.”

त्यांनी आतल्या दालनाकडे हात केला. उघड्या दारातून दिसत होतं. भिंतीला टेकवलेल्या रायफली, त्यांना झेंडूच्या माळा. खाली पाटावर दोन हातकड्या, एक टाइपरायटर, आणि टाइपरायटरच्या पुढ्यात लाकडी मुठीचा गोल शिक्का. कपाळाला कुंकू लावल्यासारखा मुठीवर ठिपका.

सर खुर्चीत बसले.

“परवा आठवा दिवस उलटलेला असेल,” मी म्हणाले. “लालसाबचाचा, परवानगी रद्द होईल.”

“माझ्या हातात असतं तर आत्ता मारला असता. पण सकाळी साहेबांच्या हातानं पूजा झाली. मी कोण मधनं उचलणार?” ते वरचा पासपोर्ट परत द्यायला उचलू लागले आणि थांबले. बोटाला पांढरं लागलं होतं. “हे काय सांडलंय?”

“पुसू नका,” अव्वा म्हणाली. “विभूती हाय.”

“पासपोर्टावर?”

“घरी पूजेत होती ही पुस्तकं. सकाळधरनं.”

लालसाबांनी पासपोर्ट जपून खाली ठेवला. “मग उठवली कुणी?”

“मी.”

“कशी?”

“कशी म्हंजे? दूधसाखर दाखवली, अक्षता टाकल्या, हलवलं, जाऊन ये म्हटलं. लोकांची वाट अडली होती की. देवाला कळतंय.”

“पंधरा वर्षं झाली अम्मा,” लालसाब म्हणाले, “दर वर्षी त्या शिक्क्याला फूल मीच घालतो. पण उठवायचं कसं ते कुणी सांगितलंच न्हाय. दसरा झाल्यावर सकाळी येतो तर टेबलावर असतो.” ते उठले. “साहेबांना विचारून येतो.”

आत आवाज आले. एकदा साहेबांचं हसणं. लालसाब परतले ते दार पूर्ण उघडून.

“साहेब म्हणाले, बाई कुठल्या? म्हटलं शुक्रवार पेठेतल्या, घरची पूजा उठवून आल्यात. म्हणाले, मग आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतंय. अम्मा, या.”

दूध साहेबांच्या चहासाठीचं आलं. साखर बशीतून. अक्षता अव्वाच्या कनवटीला होत्याच. रायफलींजवळचा शिपाई बाजूला झाला. अव्वानं पदर सारखा केला, शिक्क्यावर तांदूळ टाकले, तो बोटभर हलवला आणि म्हणाली, “होगि बा.” मग शिक्क्याला समजावं म्हणून बहुतेक, मराठीत, “लगेच ये बरं का.”

तिनं शिक्का लालसाबांच्या ओंजळीत ठेवला.

रकाना १४. कार्यालयीन उपयोगासाठी. येथे काही लिहू नये

सात वेळा धप्प.

पहिला किर्स्तेनचा. कडेला कुठंतरी कुंकू राहिलं होतं, त्यामुळे जांभळ्या गोलाला एका बाजूनं तांबडी रेघ आली. पुढचे सहा स्वच्छ. लालसाबांनी प्रत्येकावर फुंकर मारली आणि शिक्का घाईनं आत नेऊन टाइपरायटरच्या पुढ्यात ठेवला. फूल वर ठेवलं. एक पाऊल मागे जाऊन पाहिलं, परत गेले, फूल सरळ केलं.

बाहेर आल्यावर सर एकदम मोठ्यानं बोलायला लागले, सिमेंटबद्दल. ईरप्पांनी दसऱ्यानंतर खिडकीच्या चौकटी बसवायच्या म्हटलंय, वगैरे. किर्स्तेननं पासपोर्ट उघडून शिक्का पाहिला, मग माझ्या आईकडे बोट केलं. “त्या आत शिक्क्याशी काय बोलत होत्या?”

इतके दिवस मी गाळत आले होते. या वेळी सगळं सांगितलं, ‘लगेच ये बरं का’सकट.

किर्स्तेननं पासपोर्ट मिटून दोन्ही हातांनी अव्वापुढे धरला. अव्वानं तो तिच्याच हातात परत दाबून दिला.

“आता तुझं तूच सांभाळ. आन् दाक्षा, उद्या ह्या समद्यांना सोनं द्यायला घरी आण. सात आन् सर. पण ही पुस्तकं मातर तितंच ठिवून या म्हणावं.”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि हसायलाच लागले. थांबेना. व्हरांड्याच्या पायरीवर बसून हसले. अव्वा वरून बघत होती.

“उठ की गं. सकाळधरनं मी नुसत्या चहावर हाय.”

मीही होते. तोवर लक्षातच आलं नव्हतं.