झंडेवाल्याची दुसरी भरारी

“ओ झंडेवाले, बैठता क्या?”

फवारणीच्या विमानातून वाकून विचारणारा तो वैमानिकाचा आवाज पन्नास वर्षांनंतरही रामकिसनच्या कानातून उतरला नव्हता. तेव्हा तो अठराचा. विमानानं पराटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध मारायचं आणि यानं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पांढरा झेंडा धरून पुढचा पट्टा दाखवायचा. त्या दिवशी विमान उडालं आणि झंडेवाला दिसेना. गावानं ठरवून टाकलं, रामकिसन वर गेला! त्या बोलबाल्यावरच केनवडच्या सासऱ्यानं पोरगी दिली. प्रयागबाईनं नवी नवरी असतानाच जात्यावर ओवी बांधली:

माझ्या गं सख्याचा, ढगामंधी पाय
खालून हाक मारी, धुऱ्यावरची गाय

आता ती साऱ्या गावाच्या तोंडी. रामकिसन विमानात नव्हताच, हे एकट्या रामकिसनला ठाऊक. पण सांगितलं तर तिची ओवी मोडते. म्हणून गप्प.

मंगरूळपीरच्या वाटेवर, तेव्हाच्याच मुरमाच्या धावपट्टीवर आता वैमानिक निकितानं जुन्या विमानांचं संग्रहालय मांडलंय. चार विमानं, चारही जिवंत. दर रविवारी उडतात. फवारणीचं ते पिवळं, दोन खुर्च्यांचं विमानही त्यात आहे. शनिवारी सांजेला रामकिसन त्याची खांदेमळणी करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात, तशी पंख जिथं धडाला जुळतात तिथं तूप-हळद चोळतो आणि म्हणतो, “आज आवतन घ्या, उद्या उडाले या.”

“बाबा, तूप कमी लावा,” निकिता हसली. “मांगच्या रविवारी मुंग्यायचं अर्धं वारूळ घेऊन उडाली मी!”

“खांदा दुखते त्याचा, पोरी.”

“उद्या तुमालेच बसवते त्या खांद्यावर. फलक बी लावला, ‘झंडेवाल्याची दुसरी भरारी’. आजी भोंग्यावर ओवी म्हणनार हायेत.”

रामकिसनचा हात पंखावरच थांबला.

रविवारी माळावर माणूस मावेना. प्रयागबाई जांभळं लुगडं नेसून आली.

“काहून घामेजले? तुमाले तं सवय हाये!”

विमान थरथरलं, धावलं, उठलं. रामकिसननं डोळे गच्च मिटले. मग एक उघडला. मग दुसरा. खाली तुरीचं हिरवं, सोयाबीनचं पिवळं, मधून धुऱ्यांची शिवण. माळावर एक जांभळा ठिपका. गाय कुठंच हाक मारत नव्हती. म्हातारा खदखदून हसला आणि ओरडला, “पोरी, आणखी एक फेरा मार वो!”

उतरल्यावर प्रयागबाईनं माईक त्याच्या तोंडाशी धरला. “सांगा लोकायले, पयल्यावानीच मजा आली ना?”

टाळ्या वाजल्या. रामकिसननं फलकाकडं पाहिलं. जन्मात एकदा असं सुख लाभलं, आणि त्याला दुसरं म्हणायचं?

“प्रयागे,” भोंगा साऱ्या माळावर घुमला, “हेच पयलं होय. तवा त्यानं इचारलं, अन् मी भेऊन पराटीत लपून बसलो होतो.”