चूक की चोरी

चौकशीच्या मेजरसाहेबांनी ह्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते. "सुभेदार मोतीराम, छावणीतला एवढा कांदा सडला. ही चूक की चोरी?" चोरी ठरली तर कोर्टमार्शल आणि पेन्शनवर पाणी. चूक ठरली तर एक ताशेरा आणि गुपचूप निवृत्ती. मी ह्यांची बायको, सुवर्णा. मला विचारलं असतं तर मी दोन्ही नावं खोडली असती. पण बायकोला कोण विचारतंय!

झालं होतं असं. मार्चमध्ये बड्या मित्रदेशाची पलटण आपल्या फौजेबरोबर सरावाला येणार होती. पलटणीच्या आधी तिचे आचारी आले आणि बरोबर जाडजूड पुस्तिका आली. कांदा कसला, तर 'रेड ओनियन'. त्यांच्याकडे रेड म्हणजे नुसता रंग. आमच्या नाशकात लाल कांदा म्हणजे पावसाळ्यात लावलेला, पाणीदार, काढला की लगेच विकायचा माल. साठवायचा तो उन्हाळ कांदा, आणि तो बाजारात यायला अजून पंधरवडा होता.

हे विंचूरच्या कांदेवाल्याचे चिरंजीव. ह्यांनी कर्नलसाहेबांना तोंडावर सांगितलं, "साहेब, लाल टिकत नाही. जरा थांबू या."

कर्नल म्हणाले, "मोतीराम, आपल्याला त्यांच्याकडून विमानांचे सुटे भाग घ्यायचेत. कांद्यावरून आडवा येऊ नकोस."

हे आडवे आले नाहीत. सॅल्यूट ठोकला आणि पत्र्याची शेड लाल कांद्याने भरून टाकली.

मग आपल्या सरकारने कुठल्याशा तिसऱ्या देशाकडून तेल घेतलं. बडा मित्र रुसला. सराव पुढे ढकलला, थेट मे महिन्यात. सगळ्या कचेऱ्यांना तसं कळवलं गेलं, फक्त कांद्याला कोणी कळवलं नाही. एप्रिलच्या उन्हात तो पत्र्याखाली असा काही सुटला की काळं पाणी कर्नलांच्या बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलं. तेव्हा कुठे चौकशी बसली.

कर्नलांना आता काहीच आठवत नव्हतं. 'मित्रदेशाच्या दबावामुळे' असं लिहिता येत नव्हतं, कारण सरकारी कागदावर मित्र कधी दबाव आणत नाहीत. उरले आमचे हे.

"मला कळलं नाही साहेब, चूक झाली," असं ह्यांनी मान खाली घालून सांगितलं. दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस असता तर तेवढ्यावर सुटला असता. पण मेजर मराठी निघाले, आणि हुशारही. म्हणाले, "विंचूरचे ना तुम्ही? विंचूरच्या माणसाला लाल टिकत नाही हे माहीत नाही? म्हणजे मुद्दाम स्वस्तातला माल भरून वरचे पैसे तुम्ही खाल्ले." ह्यांनी उभ्या जन्मात कोणाचा चहा फुकट घेतला नव्हता, आणि आता जन्मगावच पुरावा झालं होतं.

खात्री करायला मेजर जीप घेऊन विंचूरला निघाले. आम्हालाही बसवलं. वाटेत मी ह्यांच्या कानाशी लागले, "काय वाटेल ते विचारू देत, चुकीचं उत्तर द्या." मला भीती वाटत होती ती ह्यांच्या अंगठ्याची. कांदा हातात आला की ह्यांचा अंगठा आपोआप सालीवरून फिरतो. माझ्या सासऱ्यांनी, सावळीराम आबांनी, लहानपणी डोळे बांधून शिकवलं होतं. बाजार समितीत लिलावाच्या वेळी आबा सगळ्यांना ऐकवायचे, "माझा मोती सालीच्या आवाजावरून कांदा वळखतो."

आबा कांदा साठवायच्या चाळीसमोर माल निवडत बसले होते. जीप बघून शेजारपाजारचे जमले. मेजरांनी ढिगातून एक कांदा उचलून ह्यांच्या हातात ठेवला.

"हा कोणता?"

अंगठा फिरलाच. साल सळसळली. मी मनात म्हणत होते, बोला, लाल म्हणा. आबांसमोर उन्हाळ कांद्याला लाल म्हणणं ह्यांना जमत नव्हतं. पेन्शन गेली तरी चालेल, पण ते नाही. मला इतका राग आला की त्या कांद्यासकट ह्यांना ढिगात ढकलावं.

"बोला सुभेदार. येतंय ना ओळखता?"

तेवढ्यात आबा उठले. सगळं त्यांच्या कानावर गेलेलं होतं. त्यांनी ह्यांच्या हातातला कांदा हिसकावून घेतला.

"त्याला काय इचारता साहेब? त्याला कांदा कधी कळलाच नाय! लय डोकं फोडलं म्या ह्याच्यापुढं. लसूण आन् कांदा एका जागी ठिवायचा हा. शेवटी म्हनलं, हे ध्यान शेतीच्या कामाचं नाय. म्हनून तर फौजेत धाडलं!"

माणसं खो खो हसली. जीपचा ड्रायव्हरही हसला. मेजर आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. गावात दोघा-तिघांना विचारलं, तर आबांकडे बघत सगळ्यांनी माना डोलावल्या, "हाय खरं. पहिल्यापासून बिनकामाचं." मेजरांनी तिथेच लिहून टाकलं, चूक. आम्हाला मागाहून एसटीने यायला सांगून जीप गेली.

मला रडू फुटलं. पेन्शन वाचली होती. मी आबांच्या पाया पडले. लोक ह्यांच्या पाठीवर थापा मारत, थट्टा करत घरोघर गेले, आणि चाळीपाशी आम्ही तिघंच उरलो.

हे आबांच्या शेजारी बसले. दर वर्षी रजेवर आले की बसायचे तसे. एक कांदा घेतला, दाबून पाहिला.

"राहू दे," आबा म्हणाले. "तुला कळत नाय."

मी डोळे पुसत हसले. "अहो आबा, गेले ते. आता कोणी नाही."

"दिसतंय मला." आबांचे हात निवडत होते. "म्या काय म्हनू सुवर्णा? कळत व्हतं म्हनू? मंग कळून बी लाल का भरला, ते बी इचारावं लागंल. त्यापरीस कळत नाय, तेच बरं हाय."

ह्यांनी कांदा खाली ठेवला आणि तिथून उठले.