गवताची आंघोळ

आमच्या घरात घोड्याला हेडमास्तर म्हणतात आणि मला गाढव. दोन्ही नावं आत्यानेच ठेवली आहेत.

हेडमास्तरांचं वय चोवीस. गेली वीस वर्षं ते आत्याच्या शाळेत मुलांना घोड्यावर बसायला शिकवतात. म्हणजे मुलं पाठीवर बसतात आणि ते स्वतःच्या मनाने चालतात. त्यांच्याबद्दल बोलताना कोणी एकवचन वापरत नाही. मी एकदा वापरलं होतं. त्यांनी आपला पाय माझ्या पायावर ठेवला आणि बराच वेळ विचार करत उभे राहिले.

यंदा ऐन उन्हाळ्यात त्यांना केस फुटले. लांब, कुरळे, गालिचा चालायला निघावा तसे. आत्या म्हणाली, "म्हातारपणी अंगात आलंय त्यांच्या." मग ते बादल्याच्या बादल्या पाणी ढोसू लागले, पाठ खचली, पोट सुटलं, आणि एका सकाळी पुढचे पाय तापल्या तव्यावर ठेवल्यासारखे उचलून टाकू लागले. तेव्हा आत्याने घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

बाईंनी रक्त नेलं आणि चार दिवसांनी निकाल आणला.

"कुशिंग," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या तळाशी एक चिमुकली ग्रंथी असते. ती भलतेसलते हुकूम सोडतेय आणि सगळं शरीर ते पाळतंय."

"म्हणजे आमच्या घरासारखंच," आतोबा म्हणाले. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. कोपऱ्यावर त्यांचं केस कापायचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी बोलायची सवय, जीभ घसरते. आत्याने नुसतं पाहिलं. ते लगेच घोड्याचे केस तपासू लागले.

बाईंनी नियम सांगितले. रोज एक गोळी, जन्मभर. धान्य बंद, गाजर बंद, सफरचंद बंद, हिरव्या कुरणात तोंड घालणं बंद. फक्त वाळलेलं गवत, तेही तोलून आणि तासभर पाण्यात भिजवून, म्हणजे त्यातली साखर निघून जाईल.

"यांच्या पोटात गेलेली साखर खुरांना बाधते," बाई म्हणाल्या. "आत सूज येते आणि खूर लोखंडाच्या पेटीसारखा. सुजेला जागाच नाही."

"आणि नाही उतरली सूज तर?" आत्याने विचारलं.

"सहा आठवड्यांनी कडक जमिनीवर चालवून बघू, दुडकी चालसुद्धा. तेव्हाही हेच हाल असतील, तर त्यांना सुखाने कायमचं झोपवलेलं बरं."

आत्या काही बोलली नाही. हे वाक्य आमच्या घराण्याच्या इतिहासात प्रथमच लिहिलं जात आहे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. लोकांचं घोडं गंगेत न्हातं, आमच्याकडे गवत न्हाऊ लागलं. रोज दुपारी तीनला मी ताणकाट्यावर गवत तोलायचो, जाळीच्या पिशवीत भरायचो आणि पिंपात बुडवून वर दगड ठेवायचो. चारला आत्या पिशवी काढून निथळत टांगायची. तेवढ्यात मी तबेल्यात मऊ भुसा पसरायचो. नालबंद येऊन खूर तासून गेला. आतोबांनी दुकानातलं मशीन आणलं, हेडमास्तरांच्या गळ्यात पांढरं कापड बांधलं आणि विचारलं, "बारीक की मध्यम?" दोन तासांनी मागून आरसा दाखवला. हेडमास्तरांनी आरसा चाटला. आतोबा म्हणाले, पसंत आहे.

गोळीचं अवघड होतं. काकडीच्या तुकड्याला भोक पाडून मी ती आत दडवायचो. हेडमास्तर काकडी खायचे आणि गोळी स्वच्छ धुऊन माझ्या हातावर परत ठेवायचे. शेवटी ती चमचाभर पाण्यात विरघळवून, सुई नसलेल्या इंजेक्शनने गालात सोडायला लागलो. अर्धी त्यांच्या पोटात, अर्धी माझ्या शर्टावर, असं दोन दिवस चाललं. नंतर शर्टाचं औषध बंद झालं.

अडीच आठवडे झाले, पायात काही फरक नाही. बाई मधेच बघून गेल्या. त्यांनी खुराच्या वर बोटं ठेवली आणि मान हलवली. "नाडीचे ठोके जोरात आहेत. कोणीतरी गोड देतंय."

घरात चौकशी आयोग बसला. आत्याने आतोबांचे खिसे तपासले. आतोबांनी माझे तपासले. मी "हेडमास्तरांना साखर देऊ नये" अशी पाटी लावली, तर शाळेतली एक मुलगी म्हणाली, "गाजर चालेल ना? त्यावर कुठे लिहिलंय?" मी खाली गाजर लिहिलं, मग सफरचंद, बिस्किट, पाव, केळं. पाटी वाण्याच्या दुकानासारखी दिसू लागली. तिच्यासमोर उभं राहून लोकांना भूक लागायची. पण खरंच कोणी काही देत नव्हतं. मी तीन दिवस, भुसा पसरायची वेळ सोडून, गवताच्या गंजीमागे बसून पाहिलं होतं.

मुंग्यांनी मात्र तपास आधीच पूर्ण केला होता. चौथ्या दिवशी मला त्या दिसल्या. तबेल्याच्या दारातल्या निळ्या बादलीपर्यंत शिस्तीत रांग. हौदातल्या स्वच्छ पाण्याकडे एकही मुंगी जात नव्हती. हेडमास्तरही जात नव्हते. ते बादलीपाशी, घंटेची वाट बघणाऱ्या मुलासारखे उभे होते.

चार वाजले. आत्याने पिशवी टांगली, पिंपातलं पिवळं पाणी निळ्या बादलीत ओतलं आणि हेडमास्तरांपुढे ठेवलं.

"आत्या, हे काय?"

"काय म्हणजे? पाणी. एवढं रंग आलेलं पाणी फेकून देऊ?"

इथे आत्याचा स्वभाव सांगायला हवा. तिच्या घरात पाण्याला एकाच कामावर सुट्टी मिळत नाही. भाजी धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं अंगणाला.

"आत्या, गवतातली साखर कुठे गेली?"

"पाण्यात."

"आणि पाणी?"

तिने हेडमास्तरांकडे पाहिलं. ते बादलीचा तळ चाटत होते. आत्या मटकन गवतावर बसली.

"म्हणजे मीच रे? रोज? माझ्या हाताने?"

आतोबा मागे येऊन उभे होते. "याला म्हणतात घोडचूक," ते म्हणाले. आत्याने त्यांना काहीच सुनावलं नाही. तेव्हा तेच घाबरले आणि तिच्याशेजारी बसले. "अगं, तीन आठवडे आहेत अजून," ते हळूच म्हणाले. "घोडामैदान जवळ आहे, पण आलेलं नाही."

आत्या उठली. पिंपात उरलेलं पाणी तिने कुंपणाबाहेर भिरकावलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने पाणी नुसतं फेकलं. त्या दिवसापासून बादली खुंटीला, आणि हेडमास्तर रुसलेले. दोन दिवस त्यांनी आत्याकडे पाठ फिरवली. पण आठवड्यात ठोके मंदावले. दुसऱ्या आठवड्यात ते पुढचा पाय सपाट टेकू लागले. तिसऱ्यात एका सकाळी त्यांनी तो माझ्या पायावर पूर्ण वजनासह ठेवला. मी आनंदाने ओरडलो. निदान आत्याला तरी तसंच सांगितलं.

ठरल्या दिवशी बाई आल्या. हातात मोठी पिशवी होती. त्यात काय होतं ते कोणी विचारलं नाही.

"चालवा," त्या म्हणाल्या.

सिमेंटच्या अंगणात हेडमास्तर चालले. वळले. लंगडले नाहीत.

"आता दुडकी चाल."

हेडमास्तर थांबले. मी दोरी ओढली, विनवण्या केल्या, मांजराला बोलावतात तसे आवाज काढले. काही नाही. बाई पायांकडे बघत राहिल्या. "दुखत असेल तर जबरदस्ती नको," त्या म्हणाल्या.

आत्याला ते बघवेना. काहीतरी हाताला हवं म्हणून तिने खुंटीवरची निळी बादली उचलली आणि डोळे पुसत विहिरीकडे निघाली.

हेडमास्तरांचे कान उभे राहिले.

पुढचं मी थोडं उडत पाहिलं, कारण दोरी माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती. हेडमास्तर दुडक्या चालीने निघाले, टक टक टक टक, चारही पाय घड्याळासारखे. मग त्यांना तेही हळू वाटलं. कोपऱ्यावरचं कडक वळण त्यांनी असं घेतलं की आतोबांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पाटीवर आपटलो. आत्याने मागे वळून पाहिलं. वीस वर्षांची नोकरी झालेले हेडमास्तर तिच्याकडे भरधाव येत होते. तिने बादली टाकली आणि दोन्ही हात पसरले.

ते तिच्या पुढ्यात येऊन थांबले. आधी बादलीत पाहिलं. रिकामी. मग आत्याकडे पाहिलं, गृहपाठ न आणलेल्या पोराकडे बघावं तसं. मग तिच्या खांद्यावर मान टाकली.

बाईंनी पिशवी न उघडताच गाडीत ठेवली. "गोळी चालू. महिन्याने पुन्हा रक्त बघू. आणि ती बादली..."

"फोडून टाकते," आत्या हेडमास्तरांच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली.

"छे, व्यायामाला ठेवा. रिकामी."

गाडी गेल्यावर आतोबांनी घाम पुसला. "चला, घोडं एकदाचं गंगेत न्हालं."

"न्हालं नाही, न्हाले," आत्या म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाटीखालून केळं आणि बिस्किट या शब्दांच्या मधून बाहेर येत होतो. "गाढवा, तीन वाजले. गवताची आंघोळ व्हायचीय अजून."