गच्चीवरची चाळणी

“माझी पिठाची चाळणी कुठे गेली?” बायकोनं विचारलं आणि नळकाकांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. बाहेर सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता.

“गच्चीवर आहे. दवाखान्याच्या.”

“तिथे कोण पीठ चाळतंय?”

उत्तर द्यायला काका जागेवर होते कुठे? सुट्टीचा दिवस असूनही ते भिजत पळत सुटले. मागून छत्री घेऊन बायको.

दवाखान्याचे प्लंबर म्हणून त्यांचा जन्म गेला. त्यातला निम्मा बाळंतिणींच्या खोलीत गळतीखाली बादली सरकवण्यात. छतावर माती घालून गवत अन् रानफुलं लावायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठी बोंब त्यांचीच. “आधीच गळतंय, त्यात डोक्यावर चिखल!” पण मातीखाली नीट थर घातले गेले, हिरवळ धरली आणि गळती थांबली. फुलपाखरं आली. पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पसरलेल्या खडीत टिटवीनं अंडी घातली आणि काका पुरते विरघळले. पिल्लं पाइपात पडतील म्हणून त्यांनी तोंडावर घरची चाळणी घट्ट बसवली. जन्मभर तुंबलेले पाइप मोकळे करणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये, की बारीक जाळीत पाचोळा अडकला की पाणी तुंबणार? आणि तुंबलं की भिंतीतून वाट काढत थेट बाळांवर येणार?

“सिस्टर, गळतंय का?” त्यांनी दारातूनच ओरडून विचारलं.

“हळू! आत्ता कुठे झोपलीत सगळी. काही गळत नाहीये.”

काकांनी तरी छताचा कोपरान् कोपरा न्याहाळला. कोरडा. मग ते जिना चढले.

चाळणी पाचोळ्यानं गच्च भरली होती. भोवती मात्र घोट्याएवढंही पाणी साचलं नव्हतं. बाकीचा सगळा पाऊस माती आणि गवत मुकाट्यानं पीत होतं. टिटवी कर्कश ओरडत काकांच्या डोक्यावर झेपावली. त्यांनी चाळणी उपसली, पाणी गुडगुडत खाली गेलं आणि त्यांना हायसं वाटलं. टिटवी पुन्हा जागेवर जाऊन बसली. तिच्या पोटाखालून दोनापेक्षा बरेच जास्त पाय दिसत होते; पिल्लं आत शिरली होती.

“सगळी आहेत गं,” काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

बायको छत्री त्यांच्या डोक्यावर धरून उभी होती. “आता चाळणी काढल्यावर पिल्लं पडली तर पाइपात?”

काका खाली गेले. बाळंतिणींच्या पलंगाखाली त्यांची जुनी बादली अजून होती. गळती थांबली तरी ती उचलायचा धीर त्यांना झाला नव्हता. आज त्यांनी ती उचलली. कार्यशाळेत नेऊन तिला चहूबाजूंनी बोटभर भोकं पाडली आणि पाइपच्या तोंडावर पालथी घालून वर वीट ठेवली.

पाऊस चालूच होता. आयुष्यभर पाणी धरून ठेवलेल्या बादलीतून ते आता सगळीकडून आरपार जात होतं. बायकोनं चाळणी पदराखाली घेतली, आणि दोघं एका छत्रीतून सावकाश घरी निघाले.