सेक्रेटरीबाईंचा तोंडी अर्ज

नगरपालिकेत खुर्ची साहेबांची असली तरी कारभार सेक्रेटरीबाईंचा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साहेब आले, साहेब गेले. कुणी मुदत संपून, कुणी निवडणुकीत आपटून, एक तर चक्क तोंड लपवून. बाई मात्र दाराशेजारच्या टेबलाशी, टाइपरायटरपुढे, ताठ. त्यांना चुकवून आत जाणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

त्यांची खरी कला निराळीच होती. साहेब संतापून सांगायचे, "लिहा त्या गाढवाला! पुन्हा पाण्याच्या पाइपला हात लावलास तर तंगडं मोडीन!" बाई मान खाली घालून टाइप करायच्या: 'आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की...' साहेब वाचायचे, सही ठोकायचे आणि आपण किती सभ्य आहोत म्हणून दिवसभर खुशीत असायचे. आपल्या शब्दांवर दुसऱ्याची सही, यात बाईंना कधी काही खटकलं नाही. सहीपुरती कोरी जागा सोडायची आणि पुढचा कागद चढवायचा.

निवृत्तीनंतर टाइपरायटर घरी आला आणि बाई पूर्णवेळ चर्चच्या झाल्या. किल्ल्या त्यांच्याकडे, रविवारचा कार्यक्रमाचा कागद त्यांच्या हातचा, गाण्यांची पुस्तकं कुठल्या बाकावर किती हेही त्याच ठरवणार. फुलांवरून दोघी भांडल्या तर निवाडा बाईंचा. प्रवचन लांबलं की पाळकांना ते घड्याळावरून नव्हे, बाईंच्या खोकल्यावरून कळायचं.

एवढं सगळं करणारी ही बाई एकच गोष्ट करत नसे. त्या चर्चची एक रीत होती. कुणाला दवाखान्यात जायचं असलं की त्याच्या घरचं माणूस रविवारी पुढे उभं राहून, हातात कागद न घेता, मोठ्यानं प्रार्थना करी. बोबडा बेकरीवाला उभा राहिला, लाजाळू शिंपीण उभी राहिली. बाईंना कुणी कशासाठीही दोन शब्द बोला म्हटलं की त्यांचा घसा बसलेला असायचा. जन्मभर बसलेला घसा हा वैद्यकशास्त्राला पेलणारा नव्हता, पण बाईंना विचारणार कोण?

कारण एकट्या धाकटीला ठाऊक होतं. धाकटी म्हणजे बाईंची बहीण. आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाई दोन वेण्या घालून शाळेत जात होत्या. त्या पुढे उभ्या राहिल्या आणि अशी प्रार्थना केली की बाप्ये रुमाल काढून डोळे पुसू लागले. त्याच आठवड्यात आई गेली. तेव्हापासून बाईंनी देवाशी साहेबासारखाच व्यवहार ठेवला. त्याची कामं चोख करायची, मागायचं काही नाही. धाकटीला त्यांनीच वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि ती विधवा होऊन परतली तेव्हा रस्त्याकडची हवेशीर खोली तिला दिली.

आता दोघींचेही केस पांढरे झाले होते आणि धाकटीच्या हृदयाची झडप कुरकुरायला लागली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ऑपरेशन केलं तर धोका आहे, न केलं तर फार दिवस नाहीत. सोमवार ठरला. आणि धाकटीनं पाय रोवले.

"रविवारी तू पुढे उभी राहिलीस तर सोमवारी मी जाईन. नाहीतर राहिलं."

"हा काय पोरकटपणा?" बाई कडाडल्या. "पाळक करतील ना. त्यांचं कामच आहे ते."

"ते सगळ्यांसाठीच करतात. मला तुझी पाहिजे."

"मागच्या वेळी काय झालं, विसरलीस?"

"आई गेली. पण तू तोंड उघडलंस म्हणून नाही गेली, ताई. इतकी का तू मोठी लागून गेलीस?"

हे वर्मी लागलं. बाई दोन दिवस भांडी आपटत होत्या. शनिवारी दुपारी त्यांनी टाइपरायटरवर कोरा कागद चढवला, पाठ करायला म्हणून, आणि तो कोराच खाली उतरवला. दुसऱ्याचे शब्द नीटनेटके करण्यात हयात गेली होती. स्वतःचे शोधू गेलं तर एक सापडेना.

रविवारी पाळकांनी धाकटीसाठी कोण उभं राहणार असं विचारलं, सवयीनं स्वतःच पुढे सरसावले, आणि जागच्या जागी थांबले. बाई उठल्या होत्या. ताठ चालत त्या पुढे गेल्या आणि वळल्या. सगळे चेहरे ओळखीचे होते आणि बाईंना भयंकर भीती वाटत होती. मग जीभ आपल्या सवयीच्या वाटेनं निघाली.

"प्रति, माननीय प्रभू," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "विषय: माझ्या धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनबाबत."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. आपण काय बोलून बसलो ते बाईंच्या ध्यानात आलं, कान तापले. पण आवाज सापडला होता, आणि सापडलेलं काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती.

"संदर्भ: माझा लहानपणीचा अर्ज. आईबाबत."

हसू थांबलं. पाळकांनी मान खाली घातली.

"सदर अर्जाचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. त्यानंतर अर्जदाराने आपल्याकडे कोणतीही मागणी केलेली नाही. आपली कामे मात्र वेळच्या वेळी केलेली आहेत. त्याबद्दल काही तक्रार नाही. तरी आपणांस नम्र विनंती की..."

इथे बाई अडल्या. असल्या पत्रात पुढे काय यायचं ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, योग्य ती कार्यवाही व्हावी. त्यातलं काहीच ओठांवर येईना. पहिल्या बाकावर धाकटी छातीशी हात धरून त्यांच्याकडे बघत होती.

"नेऊ नकोस रे तिला," बाई म्हणाल्या. "माझं दुसरं कुणी नाही. आईला नेलंस तेव्हाच तुझ्यावर रागावले मी. अजून राग आहे. तुला ते कधी सांगितलं नाही, नुसती तुझी कुलपं उघडत राहिले. पण हिला परत पाठव. एवढंच."

बाईंनी गालावरून हात फिरवला आणि आवाज पुन्हा जागेवर आणला.

"कळावे," त्या म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी सहीपुरती जागा सोडली होती.

"सही कुणाची, ताई?" पहिल्या बाकावरून धापा टाकत धाकटीनं विचारलं.

"माझी."

"मग आमेन," धाकटी म्हणाली आणि बाकाला धरून उठली. "चल, माझी बॅग भरायची आहे."