पाच मिनिटांची भवानी

म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, मेल्यावरही त्याच्या कातडीवरचे तपकिरी ठिपके थोडा वेळ उघडझाप करत राहतात. कल्पिताने वाकून पाहिलं. एक ठिपका मोहरीएवढा पसरला, टाचणीच्या टोकाएवढा झाला, पुन्हा पसरला. मेंदूकडून आता काही येत नव्हतं. कातडीतले बारीक स्नायू आपले आपण चालू होते.

"सुट्टीवर आलीयेस ना तू?" मागून रुचिका म्हणाली. "इथे समुद्रकिनारा आहे, कॉफी आहे, आणि तू मासळीबाजारात. वर्सोव्यात काय कमी वास येतो?"

"पाच मिनिटं. आईला दाखवते."

रुचिका मुलुंडची. पवईच्या प्रयोगशाळेत दोघींची टेबलं शेजारी. स्वस्त तिकिटं दिसली तेव्हा तिनेच व्हिएतनाममधल्या दा नांगचा घाट घातला होता. पीएचडीच्या गाईडकडून सुट्टी मागताना कल्पिताने घरचं कार्य सांगितलं होतं आणि घरी परिषद. खरं बोलायला तिला नेहमीच वेळ लागायचा.

तिने आईला, सरूबाईला, व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सपनावहिनीचा चेहरा आला, कपाळावर घाम, मागे वर्सोव्याचा बाजार.

"आई कुठाय?"

"घरी. ताप आहे दोन दिवस. घाबरू नकोस, पेज प्यायली, मला शिव्या दिल्या, म्हणजे बरी आहे. तुझी परिषद जोरात दिसतेय. मागे खेकडे टांगलेत."

कल्पिता हसली. तेवढ्यात सपनाने सुटे पैसे द्यायला फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि पडद्यावर सगळं दिसलं. सरूबाईचा ओटा रिकामा होता. धुतलेला, कोरडा, त्यावर पालथी पाटी. पालथी पाटी म्हणजे जागा धरलेली. आणि ओट्याच्या खाली, बर्फाचं पाणी वाहत होतं तिथे, थर्माकोलच्या खोक्यावर सपना बसली होती. सुरमई आणि कोळंबी जमिनीवर प्लास्टिक अंथरून मांडली होती.

"वहिनी, खाली काय बसलीस? वर बस ना."

"कशी बसू? तुझी जागा आहे."

"माझी कसली?"

"भवानी कोण करतं दर वर्षी? मी?"

शेजारच्या ओट्यावरून सुंदराबाईचा आवाज आला, "कोण गो? आपली शास्त्रज्ञ? तिला सांग, तिकडचा नवरा आणू नको, त्याला बोंबील सोलता येनार नाय."

बाया हसल्या. सपनाही हसली आणि कोळंबी तोलायला वळली. कॉल तसाच चालू होता. कल्पिताला पडद्यावर तिची पाठ दिसत राहिली आणि साडीचा ओला काठ.

ओटा आजीचा, मग सरूबाईचा. पुढे कोणाचा हे कागदावर कुठे नव्हतं. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, नवा हंगाम सुरू होताना, ओट्यावर जी पहिली भवानी करते, पहिलं गिऱ्हाईक जिच्या हातून होतं, ती पुढची. बाजारातल्या बाया ते बघतात आणि लक्षात ठेवतात. शाळेत असल्यापासून कल्पिता त्या दिवशी नवी साडी नेसून पाच मिनिटं बसायची, पहिला पापलेट विकायची, फोटो काढायची आणि निघून जायची. तिला ती गंमत वाटायची. निदान, वाटते असं तिने ठरवलं होतं.

भाऊ कृणालने सपनाशी लग्न केलं त्याला सहा वर्षं झाली. सपना घाटकोपरची, बौद्ध घरातली. तिचे आजोबा बुलढाण्याहून आलेले. लग्नात सरूबाई रुसली नाही, उलट नाचली. सुनेच्या हातचं जेवायची, तिने सोललेली कोळंबी विकायची, तिने भाऊच्या धक्क्यावरून पहाटे आणलेली मासळी मांडायची. फक्त ओट्यावर बसू द्यायची नाही. "तिला भाव बोलता येत नाय," म्हणायची. मग सपना भाव बोलायला लागली, तेव्हा म्हणाली, "गिऱ्हाईक इचारतंय, ही कोनाची." आणि एकदा कल्पितानेच विषय काढायचा प्रयत्न केला तेव्हा: "तू नाय बसलीस तर सुंदराच्या पोरीला देईन." सुनेचं नाव तिने घेतलं नाही. कारणही सांगितलं नाही, आणि कल्पिताने विचारलं नाही. दोघींनाही ते माहीत होतं.

"चल ना," रुचिका म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही."

उरलेले दोन दिवस कल्पिता समुद्रावर गेली, कॉफी प्यायली, फोटोत हसली. समुद्र निळा होता आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

घरी आली तेव्हा सरूबाई उठून बसली होती. "काय गो, तिकडचं पापलेट कसलं?"

"बारीक. आये, मला बोलायचंय. ओट्याचं."

"भवानीला साडी कंची नेसतेस? हिरवी काढून ठेवलीय," सरूबाई म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

सपना मोरीत टब घासत होती. कल्पिता तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "मी आईशी बोलते. तुझ्यासाठी."

सपनाने हात थांबवला नाही. "माझ्यासाठी नको. उपकार झाले की मला आयुष्यभर गोड बोलावं लागेल तुझ्याशी. तुला बसायचंय का, तेवढं बोल. हो तरी म्हण, नाही तरी म्हण. सहा वर्षं तुझ्या पाच मिनिटांखाली बसलेय मी."

"तुला राग येतो माझा?"

"आईंचा येत नाही. त्या निदान लपवत नाहीत. तुझा येतो."

कल्पिताने टबाची दुसरी बाजू धरली. सपनाने तो ओढून घेतला.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बाजार ओला आणि गजबजलेला होता. सरूबाईने पालथी पाटी उचलली, ओट्यावर पाणी मारलं, हळदकुंकू वाहिलं. ताजे पापलेट मांडले. खाली थर्माकोलच्या खोक्यावर सपना बर्फ फोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"आली गो आली, इमानातून उतरली," सुंदराबाई ओरडली. "बस लवकर, गिऱ्हाईक उभं हाय."

खरंच एक बाई पिशवी उघडून उभी होती. सरूबाईने लेकीचा हात धरला. तिचा तळवा तापातून उठल्यावरही गरम होता. "चल बाय. पाच मिनिटं बस. मंग जा तुज्या पवईला."

कल्पिता जागची हलली नाही. तिने हात सोडवून घेतला. आजूबाजूच्या सुऱ्या थांबल्या.

"मला ही जागा नको, आये," ती म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "आज नको आणि पुढेही नको. मला इथे कधीच बसायचं नव्हतं. आणि घरात सून असताना जागा दुसऱ्या कोणाला द्यायची असेल, तर का ते इथे सगळ्यांसमोर सांग."